लाखात चार

नकाशांच्या कचेरीत देशांना नावं नसतात, नंबर असतात. नावांचा ताप फार. एकाच देशाचं नाव तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात, एखादा देश मध्येच नाव बदलून बसतो, एखाद्याचे एकाचे दोन होतात, आणि काहींचं नाव एवढं लांबलचक की तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. म्हणून शाळांसाठी नकाशासंग्रह काढणाऱ्या त्या कचेरीत भिंतीवर एक मोठी यादी लावली होती आणि तीत एकपासून दोनशे सातपर्यंत सगळं जग ओळीने बसवलं होतं. नोकरीला चार महिने झाले की माणूस आपोआप त्याच भाषेत बोलायला लागे. "बाराची साक्षरता आली का?" "एकशे चाळीसने या खेपेला जनगणनाच केली नाही म्हणे." "त्रेचाळीसची सीमा पुन्हा सरकली, आता अख्खं पान नव्याने करा!" बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इस्पितळातल्या खाटांची चर्चा चालली आहे.

या कचेरीत टक्केरावांनी एकतीस वर्षं काढली होती. टक्केराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पाऊस येईल का असं विचारलं, की ते खिडकीबाहेर न बघता "साठ टक्के" म्हणत. बस चुकेल का, चहा गार झाला असेल का, साहेब आज चिडलेले असतील का, सगळ्याला त्यांचा टक्का तयार. घरीही तीच तऱ्हा. दात काढायचा तर कोणत्या दवाखान्यात काढावा, याचा त्यांनी एकदा आठवडाभर तक्ता केला होता आणि तोवर दात आपणहून पडला होता. त्यांची बायको आल्यागेल्याला सांगे, "लग्न ठरवताना यांनी माझेही टक्के काढले असणार. किती पडले ते मात्र अजून सांगत नाहीत." यावर टक्केराव नुसते हसत. माणूस सरळ होता, कामात चोख होता, आणि आकडा माणसाला फसवत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. माणसं फसवतात, बातम्या फसवतात, पण नीट मोजलेला आकडा कधी दगा देत नाही, असं ते म्हणत.

त्यांच्याकडे काम होतं ठिपक्यांच्या नकाशांचं. एखादी गोष्ट जगात कुठे किती आहे हे दाखवायचं, तर देश रंगवून भागत नाही, ठिपके टाकावे लागतात. एक ठिपका म्हणजे हजार टन गहू, एक ठिपका म्हणजे लाख माणसं, असं ठरवून घ्यायचं. हल्ली ठिपके संगणकच टाकतो, पण तो मेला कुठेही टाकतो. तळ्यात टाकतो, वाळवंटात टाकतो, जिथे चिटपाखरू नाही अशा बर्फावर टाकतो. मग टक्केराव भिंग लावून बसत आणि एकेक ठिपका धरून माणसं राहतात तिथे नेऊन ठेवत. नदीकाठी, बंदरापाशी, रेल्वेच्या फाट्यावर. "ठिपक्यालाही घर लागतं," असं ते नव्यांना शिकवत. पंधरा हजार ठिपक्यांच्या पानाला त्यांना तीन आठवडे लागत आणि त्या तीन आठवड्यांत ते कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता त्यांच्या लेकीचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

लेक एकुलती एक. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या नोकरीपायी ती सदुसष्ट नंबरच्या देशात गेली. लहानसा, थंड, समुद्राने कुरतडलेला देश. नकाशावर अंगठा ठेवला तर झाकला जाईल एवढाच. पण यादीत काढा कुठलाही तक्ता, सदुसष्ट आपला वरच्या पाचांत. दर हजारी डॉक्टर, शुद्ध पाणी, शाळेची वर्षं, काहीही घ्या. टक्केरावांची छाती फुगे. ती गरोदर राहिली तेव्हा तिच्या आईने पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, की सातव्या महिन्यात निघून यायचं आणि बाळंतपण इथे आपल्या घरी, आईच्या डोळ्यांसमोर करायचं. लेकीलाही तेच हवं होतं. आईने मागची खोली रिकामी केली, भिंतीला रंग दिला, खिडकीला जाड पडदा शिवला, आणि लोकरीचे एवढे एवढे मोजे विणून डब्यात भरून ठेवले.

आणि टक्केरावांनी नकाशासंग्रह उघडला.

पान बावन्न. बाळंतपणात दगावणाऱ्या आया, दर लाख जन्मांमागे किती. आपला देश यादीत बारावा, त्याच्यापुढे एकशे छत्तीस. सदुसष्टच्या पुढे चार. त्यांनी पेन्सिलीने चारभोवती गोल केला, पानाचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि फोन लावला. "चौतीस पट फरक आहे बाळ. आईचं मन मला कळतं, पण मन म्हणजे काही आकडा नव्हे. तिथेच कर. लाखात चारच गं!"

लेक हसली होती. "चारच ना बाबा? मग त्या चारांत मी कशाला असेन!"

आई दोन दिवस धुसफुसली. मग तिने स्वतःच तिकडे जायचं ठरवलं, पण परवानगीचे कागद अकरा दिवस उशिरा आले. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलगी झाली, सुखरूप झाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पाजता पाजता लेकीचा श्वास अडकला. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. डॉक्टरांनी काही कसूर केली नाही. जावई सांगत होता, खोलीत एका वेळी नऊ जण होते. नऊ! दर हजारी डॉक्टरांचा आकडा अगदी खरा होता.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. नात बापाजवळ तिकडेच होती, आणि दर रविवारी फोनच्या पडद्यावर दिसे. आजी तिला ठकूताई म्हणे. ठकूताईला आता दहा-बारा दात आले होते आणि ती फोन चाटायची. आजी हसायची, टाळ्या वाजवायची, फोन बंद झाला की उठून भांडी घासायला लागायची, घासलेली सुद्धा.

टक्केरावांना बायको एका शब्दाने बोलली नाही. एका शब्दाने! बाकी सगळं बोले. भाजी महागल्याचं बोले, शेजारणीच्या गुडघ्याचं बोले, त्यांच्या सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाचं बोले. फक्त पान बावन्नबद्दल कधी नाही. तिने आरडाओरडा केला असता, ताट भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं असं त्यांना वाटे. आपण होऊन विषय काढायची त्यांची छाती नव्हती. आकड्यांत बेधडक असलेला हा माणूस बायकोपुढे मूग गिळून बसला होता.

पण एक गोष्ट त्यांनी मनातल्या मनात करून ठेवली होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. लाखात चार. म्हणजे त्यांची लेक आणि आणखी तिघी. त्या तिघींना त्यांनी हळूहळू उभं केलं होतं. एक शाळेत शिकवणारी, उंच, दम्याची. एकीचा नवरा मासेमारी बोटीवर, बातमी कळायला त्याला दोन दिवस लागलेले. एकीची आधीची दोन मुलं होती आणि तिसऱ्या खेपेला हे झालं. तिघींना त्यांनी बापही दिले होते. दुपारी डबा खाताना ते स्वतःशीच विचार करत, तो शिक्षिकेचा म्हातारा आता काय करत असेल? त्यानेही हात धरून सांगितलं असेल का, की इथेच थांब म्हणून? त्या तीन बापांच्या पंगतीत चौथे होऊन बसलं की त्यांना जेवण जात असे. खोटं कशाला बोला, त्यावरच तर ते दीड वर्ष तगले होते.

नव्या आवृत्तीचं काम निघालं आणि पान बावन्न पुन्हा त्यांच्याच टेबलावर आलं. साहेबांनी या खेपेला उजव्या पानावर दर लाखी तक्ता आणि डाव्या पानावर ठिपक्यांचा नकाशा असा बेत केला होता. एक ठिपका म्हणजे शंभर मृत्यू. साहेबांना लेकीचं माहीत होतं, म्हणून त्यांनी आडून विचारलंही, "हे पान दुसऱ्या कुणाला देऊ का?" टक्केराव म्हणाले, "नको. ठिपके दुसऱ्या कुणाला जमत नाहीत." आणि ते खरंच होतं.

तीन आठवडे ते भिंग लावून बसले. शंभर शंभर आया उचलायच्या आणि जिथे त्या राहत असतील तिथे ठेवायच्या. काही देशांत ठिपक्यांची एवढी गर्दी की खालची जमीन दिसेना. बारात, म्हणजे आपल्याकडेही, नदीकाठ काळा झाला. आणि सदुसष्ट पांढरा. स्वच्छ, कोरा कागद. तिथे शंभर कुठून होणार, ठिपका पडायचा प्रश्नच नव्हता. यादीत सदुसष्टपुढे ठिपके शून्य.

शेवटच्या दिवशी त्यांनी सदुसष्टच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीच्या डाव्या अंगाला, एक ठिपका ठेवला. हात चुकून नव्हे. चांगला नेम धरून, भिंगातून बघून, जागा दोनदा सरकवून ठेवला. लेकीच्या घरापासून समुद्र सात मिनिटांवर होता, तेवढं अंतर सोडलं. मग पान पुढे पाठवून ते घरी गेले आणि त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

कचेरीत पान छापायला जाण्यापूर्वी तपासनीसबाईंच्या हाताखालून जाई. बाईंचं काम यादी समोर ठेवून प्रत्येक देशातले ठिपके मोजायचे. त्या तोंडाने पुटपुटत मोजत आणि कुणी मध्ये बोललं तर लाल पेन्सिल उगारत. डोळ्यांत तेल घालून काम करायच्या. सव्वीस वर्षांत त्यांची सही असलेल्या पानात एकही चूक निघाली नव्हती आणि चार महिन्यांनी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. गुरुवारी दुपारी त्या कच्च्या छपाईचा कागद घेऊन टक्केरावांच्या टेबलाशी आल्या.

"काय हो टक्केराव, म्हातारे झालात की काय? सदुसष्टमध्ये ठिपका कुणी टाकला?"

"मी."

"हात सरकला असेल. यादीत शून्य आहे."

"सरकला नाही. टाकला."

"अहो, एक ठिपका म्हणजे शंभर! त्या एवढ्याशा देशात शंभर बाळंतिणी? बसल्या बसल्या नव्याण्णव बायका फुकटच्या मारल्यात तुम्ही!"

"हो," टक्केराव म्हणाले. "एक खरी होती."

 बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या यादीकडे, मग पुन्हा कागदाकडे. लेक परदेशात गेली, तिथेच वारली, एवढं कचेरीला माहीत होतं. देशाचा नंबर टक्केराव कधी कुणाला बोलले नव्हते. बाईंनी कानावरची लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"सदुसष्ट होय," त्या म्हणाल्या.

"खाडीच्या डाव्या बाजूला. बरोब्बर तिथेच."

"मी आत्ता खूण करत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या चार वाजता पान छापायला जातं. काढायचा तर तुम्हीच काढा. पण काढा हो. एक लाख वीस हजार प्रती आहेत. पोरं मोजतात, मास्तर मोजायला लावतात. आणि खाली माझी सही असते."

"एक लाख वीस हजार दप्तरांत जाईल ती," टक्केराव म्हणाले. "नाही काढला तर."

 पेन्सिल टेबलावरच विसरून बाई गेल्या.

संध्याकाळी टक्केराव घरी आले तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. त्यांनी बूटही काढले नाहीत. समोरची खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. ठिपका टाकल्याचं, बाईंनी पकडल्याचं, उद्याच्या चार वाजताचं. पान बावन्न हे शब्द त्या घरात दीड वर्षाने उच्चारले गेले. बायको सोलायची थांबली नाही.

"केवढा असतो ठिपका?" तिने विचारलं.

"टाचणीच्या डोक्याएवढा."

"आणि आता पुसायचा."

"चूक आहे ती. पुसायलाच हवी. पण पुसला की ती कुठेच नाही गं. एवढ्या जगात, एवढ्या पानांत, एवढे आकडे माझ्या हातून गेले, आणि ती कशातच नाही. शंभर झाल्याशिवाय ठिपका पडत नाही."

"हं."

"त्या बाकीच्या तिघीही कुठे नाहीत म्हणा."

"कोण तिघी?"

मग त्यांनी तेही सांगितलं. शिक्षिका, कोळ्याची बायको, दोन मुलांची आई. त्यांचे बाप. सांगताना त्यांचा त्यांनाच आवाज चोरटा वाटला, पण सांगत गेले. लाखात चार असतात, त्यांतली आपली एक, म्हणजे तसे आपण एकटे नाही आहोत, असं काहीतरी. बायको ऐकत होती. शेवटची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"तिथे वर्षाला पोरं किती जन्मतात?" तिने विचारलं.

"सदुसष्टमध्ये? पंचवीस हजार. शे-दोनशे इकडेतिकडे."

"पंचवीस हजारच?"

"लहान देश आहे. पान एकतीसवर आहे तो आकडा."

"अहो, मग चार कुठून होतील?" बायको म्हणाली. "चार जणांना चार वाट्या लागल्या तर एकट्याला किती टाकते मी? लाखाला चार, तर पंचवीस हजारांना एकच की. तिघी नव्हत्याच हो तिथे. तुम्ही कुठून आणल्यात?"

 पान एकतीसचा आकडा टक्केरावांना तोंडपाठ होता, पान बावन्नचाही. एकतीस वर्षं त्यांनी जगाचे भागाकार केले होते. हा एवढा एक त्यांनी केला नव्हता. तिसरीतल्या पोराने पाटीवर केला असता. दर लाखी म्हणायची जन्माची सवय, आणि चार म्हटलं की चार माणसं दिसायची. आता बसल्या जागी शिक्षिका उठून गेली, तिचा दमेकरी श्वास गेला, कोळी गेला, ती दोन मुलं गेली, तिन्ही म्हातारे आपापल्या खुर्च्या रिकाम्या करून गेले. उरली ती त्यांची पोर, एकटी, आणि ते स्वतः.

ते रडायला लागले. बायकोने त्यांना रडू दिलं.

"ती येणार होती," मग ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "खोली रंगवली होती मी. तुम्ही आकडा दाखवलात."

"हो. मीच."

"दीड वर्ष वाट बघतेय मी, तुम्ही हे तोंडाने म्हणाल म्हणून. सारखं वाटायचं आज म्हणतील, आज म्हणतील. तुम्ही आपले जेवून उठायचात."

"आकडा खोटा नव्हता गं."

"खोटा नव्हता, तेच तर! खोटा असता तर तुम्हाला चार शिव्या घालून मोकळी झाले असते मी. आता कुणाला घालू?" तिने सालांचा ढीग हाताने एकीकडे केला. "इथे झालं असतं तरी झालं असतं कदाचित. ते मलाही कळतं. पण माझ्यापाशी झालं असतं. तिचं डोकं माझ्या मांडीवर असतं."

 मग ती उठली, त्यांचे बूट तिनेच काढले, आणि दोघं जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टक्केराव कचेरीच्या ग्रंथालयात गेले. तिथे देशोदेशींची वार्षिक आकडेवारीची पुस्तकं नंबरवार लावलेली असतात. सदुसष्टचं पुस्तक पातळ होतं. त्यांनी लेक गेली त्या वर्षाचं काढलं, मृत्यूच्या कारणांचं पान उघडलं. हृदयविकार, कर्करोग, अपघात, बुडून. खाली, अगदी खाली, गरोदरपण आणि बाळंतपण. ओळीत सगळीकडे आडव्या रेघा आणि एकाच रकान्यात, वय तीस ते चौतीस, एक.

लेक एकतीस वर्षांची होती.

एका परक्या देशातल्या कुणा कारकुनाने तो एक तिथे लिहिला होता. टक्केरावांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. दीड वर्ष जिला शोधत होते ती इथे दुसऱ्या मजल्यावर, खालच्या फळीवर, त्यांच्या टेबलापासून चाळीस पावलांवर होती. हाच एक पंचवीस हजारांनी भागून, लाखाने गुणून, नव्या आवृत्तीच्या उजव्या पानावर चार होऊन बसला होता. त्या चारात दुसरं कुणीही नव्हतं.

पुस्तक परत ठेवताना त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आणखी एक पुस्तक ओढलं. त्याच्या चार वर्षं आधीचं. जुन्या आवृत्तीतला आकडा, ज्याच्याभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता, तो त्या वर्षाचा होता. तेच पान, तीच ओळ. रेघा, रेघा, आणि वय पंचवीस ते एकोणतीसच्या रकान्यात एक.

ते तिथेच जमिनीवर बसले.

अकरा वाजता त्यांनी संगणकावर पान उघडून खाडीच्या डाव्या अंगाचा ठिपका काढला. सदुसष्ट पुन्हा पांढरा झाला. मग कागद घेऊन तपासनीसबाईंकडे गेले आणि त्यांची लाल पेन्सिलही परत केली.

"काढलात?" बाईंनी विचारलं.

"काढला. गरज नव्हती त्याची. ती उजव्या पानावर आहे." त्यांनी तक्त्यातला सदुसष्टचा चार दाखवला. "हा अख्खा आकडा तिचाच आहे."

बाईंना ते कळलं की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी मान हलवली आणि खाली सही केली.

संध्याकाळी टक्केरावांनी घरातला जुना नकाशासंग्रह कपाटातून काढला आणि बायकोसमोर उघडला. पेन्सिलीचा गोल अजून तसाच होता. ग्रंथालयात जे पाहिलं ते त्यांनी तिला सांगितलं, दोन्ही पुस्तकांतलं.

"म्हणजे हीसुद्धा एकच," बायको म्हणाली.

"एकच. पंचवीस ते एकोणतीस."

"कुणाची तरी पोर."

"हो."

"आणि तुम्ही हिच्यावर बोट ठेवून आपल्या पोरीला म्हणालात, चारच गं."

"हो."

बायकोने पेन्सिलीच्या गोलावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"आणि नव्या पुस्तकात आता आपली आहे. सगळीकडे जाणार ते?"

"एक लाख वीस हजार."

"मग कुठेतरी कुणी बाप पान उघडेल," ती म्हणाली. "मुलीची काळजी असलेला, तुमच्यासारखा. आपल्या दोघांच्या पोरीवर बोट ठेवील आणि म्हणेल, बघ बाळ, किती कमी आहेत."

 पान चार वाजताच छापायला गेलं होतं.

"आणि ती मुलगी हसेल," बायको म्हणाली.

"हो," टक्केराव म्हणाले. "हसेल ती."